बहिरं बटण

आईच्या खाटेपासून न्हाणीघराच्या दारापर्यंत बावीस पावलं. तिची पावलं, माझी सोळा होतात. त्यातली पहिली नऊ अंधारात टाकावी लागायची, कारण मागच्या पडवीच्या दिव्याचा खटका थेट मागल्या दाराच्या चौकटीपाशी. म्हणजे दिवा लावायला अंधारातून जायचं, असा आमच्या घरातला पिढीजात बंदोबस्त. गेल्या मार्गशीर्षात आई उंबऱ्याला अडखळली. गुडघा सुजला, हाड वाचलं. एक्क्याऐंशीव्या वर्षी दर वेळी एवढ्यावर भागत नाही, म्हणून मे महिन्यात आंब्यांना घरी गेलो तो खाटेशेजारी बटण बसवायचंच असं ठरवून.

घर राजापूर तालुक्यात. चिऱ्याच्या भिंती, जाडी दीड फुटाची, वर कौलं. वायरिंग सगळं भिंतीवरून पट्टीतून फिरवलेलं. गावातल्या वायरमननं भिंतीकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं आणि म्हणाला, “काका, होईल की. पण दोन भिंती भोकं पाडायला लागतील आणि पावसात ह्या बाजूच्या भिंतीला ओल येते. खाटेला चिकटून बोर्ड, आजीचा हात ओला... मला नाय बरं वाटत.” मलाही नव्हतं वाटत. त्या भिंतीवरच्या जुन्या बोर्डानं जुलैत मला लहानपणीच दोनदा झटका दिलेला आहे.

सेलवर चालणारा रिमोट आम्ही आधी पंख्याला लावून पाहिला होता. कोकणातल्या दमट हवेत दुसऱ्या पावसाळ्यात सेल पाघळले, स्प्रिंगवर हिरवी पूड धरली आणि रिमोट काकूच्या शिवणाच्या डब्यात जाऊन पडला. तेव्हा वायर नको आणि सेलही नको, अशी दुहेरी अट झाली. अशी बटणं असतात हे मला ठाऊक होतं. माझा भाचा म्युनिकला नोकरी करतो. त्याच्या ऑफिसात काचेच्या पार्टिशनवर नुसती चिकटवलेली बटणं आहेत, आत सेल नाही, मागे वायर नाही. त्या शहराच्या दक्षिणेला ओबरहाखिंग नावाचं गाव आहे. सीमेन्समधून बाहेर पडलेल्या लोकांनी २००१ साली तिथे एनओशन ही कंपनी काढली आणि बोटाच्या दाबातून वीज करून रेडिओनं दिव्याला हाक देणारी ही बटणं बाजारात आणली. पुढे २०१२ मध्ये त्यांच्या रेडिओ पद्धतीला आंतरराष्ट्रीय मानकही मिळालं. भाचा म्हणाला, “मामा, येताना चार घेऊन येतो.”

मी आणू दिली नाहीत. युरोपातली ही बटणं ८६८.३ मेगाहर्ट्झवर बोलतात. आपल्याकडे विनापरवाना वापराचा पट्टा ८६५ पासून सुरू होऊन ८६८ ला संपतो, आणि ८६९ पासून वर मोबाइल टॉवरची गजबज सुरू होते. मधल्या चिंचोळ्या जागेत जर्मन बटण उभं राहणार, तेही कायद्याच्या रेषेपलीकडे. अमेरिकेसाठी आणि जपानसाठी त्याच कंपनीची बटणं वेगळ्या वारंवारतेवर निघतात. म्हणजे हे उपकरण दिसायला कितीही साधं असलं तरी ते कुठल्या देशात बोलणार हे कारखान्यातच ठरतं. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून असल्या वस्तू मागवणाऱ्यांनी एवढं तरी बघावं. मी शेवटी ऑनलाइन मिळणारी ४३३.९२ मेगाहर्ट्झची घेतली. ४३३ ते ४३४ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना आपल्याकडे मोकळा आहे. तीन बटणं आणि चार रिसीव्हर. यातलं एक बटण मी पुण्यातच उघडून पाहण्यासाठी बळी दिलं.

उघडल्यावर आत फारसं काही निघालं नाही. बारीक तारेचं एक वेटोळं, त्यात लोखंडी पट्टी, पट्टीच्या टोकाशी छोटं चुंबक, एक पातळ स्प्रिंग आणि नखाएवढी चिप असलेला सर्किटचा तुकडा. सायकलच्या डायनॅमोचंच हे नातवंड. डायनॅमोत चाक फिरत राहतं, इथे एकच झटका. बटण दाबलं की चुंबक उडी मारून पट्टीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला टेकतं, वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र क्षणात उलटं होतं आणि तारेत वीज उठते. फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेलीच गोष्ट.

गंमत त्या स्प्रिंगची आहे. क्षेत्र जितक्या वेगानं बदलेल तितका व्होल्टेज जास्त. मग आईसारख्या माणसानं हळूच, घाबरत बटण दाबलं तर? मला हीच शंका होती. पण बोट चुंबकाला थेट ढकलतच नाही. बोट आधी स्प्रिंग वाकवतं, स्प्रिंगमध्ये जोर साठतो, आणि ठरावीक ताणाला ती ‘टक्’ करून सुटते. चुंबकाची उडी त्या स्प्रिंगच्या वेगानं होते. लेकरानं दाबलं काय, पैलवानानं दाबलं काय, उडी तीच. मित्राकडच्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेचा चढउतार पडद्यावर काढणाऱ्या यंत्रावर, मी मुद्दाम मुंगीच्या गतीनं दाबून पाहिलं. पडद्यावर बराच वेळ काहीच नाही, आणि टक् झाल्याबरोबर काही मिलिसेकंदांचा एक उंच सुळका. जोरात दाबलं तरी सुळका तेवढाच. सोडताना चुंबक परत फिरतं, म्हणून तेव्हाही एक सुळका, उलट्या दिशेचा. एका दाबण्यात विजेची दोन पिकं.

पीक म्हटलं तरी मूठभरच. एनओशनच्या अशा यंत्रातून एका टकेला साधारण १२० मायक्रोज्यूल ऊर्जा मिळते. आमच्या पडवीतला ९ वॅटचा बल्ब एवढ्या ऊर्जेवर सेकंदाचा पंचाहत्तर हजारावा भाग पेटेल. दिवा लावायला ती अगदीच अपुरी. ‘दिवा लाव’ एवढं सांगायला मात्र पुरते. ही वीज आधी एका छोट्या कपॅसिटरमध्ये साठते, चिप जागी होते, कुठलं बटण दाबलं ते पाहते, संदेश जुळवते, हवेत सोडते आणि पुन्हा मरून जाते. संदेश एक मिलिसेकंदाच्या आसपासचा. दहा मिलिवॅटनं तो फेकला तर हवेत दहा मायक्रोज्यूल गेले. म्हणजे तोच संदेश तीनदा सांगण्याची ऐपत त्या टकेत असते, आणि बटण नेमकं तेच करतं.

त्या संदेशात असतं तरी काय? एनओशनच्या पद्धतीत हे उघड लिहून ठेवलेलं आहे. हा बटणाचा संदेश आहे अशी खूण, कुठली बाजू दाबली किंवा सोडली याचा एक बाइट, बटणाचा स्वतःचा ३२ बिटांचा क्रमांक, आणि वाटेत काही बिघडलं का ते तपासायला एक बेरीज. मुख्यतः एवढंच. ३२ बिटांत ४२९ कोटींहून जास्त क्रमांक बसतात, त्यामुळे शेजारच्या घरातल्या बटणाचा क्रमांक आपल्यासारखा निघण्याची भीती नाही. माझी बटणं स्वस्तातली होती, त्यांचा आराखडा कुठे छापलेला नव्हता. म्हणून मी ती ऐकायची ठरवली.

टीव्ही पाहण्यासाठी बनवलेली एक यूएसबी काडी मिळते. ती संगणकाला लावून बऱ्याच वारंवारतांवरचा गोंगाट पडद्यावर उमटवता येतो, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींनी शोधून काढलं. माझ्याकडे ती आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ४३३.९२ वर नजर टाकली तर बाजार भरलेला दिसतो: कुणाच्या गाडीची चावी, कुणाच्या दाराची बिनतारी बेल, कुठलं तरी फाटक. त्यात माझं बटण टकटकवलं की दर टकेला एक पांढरी रेघ उमटे. रेघ ताणून पाहिली तर आत तोच तो नमुना पुन्हा पुन्हा, मध्ये थोडी थोडी फट. दाबताना एक पुंजका, सोडताना दुसरा. गावाला जाऊन तीच काडी ओटीवर बसून लावली तर पडदा कोराच. अर्ध्या तासात फक्त आमचंच बटण बोललं. कोकणात जागा स्वस्त होती तो काळ गेला, पण ४३३ वर अजून मोकळं आवार आहे.

पुनरावृत्ती का, याचं उत्तर पुण्याच्या पडद्यावर मिळतं. बटण बोलण्याआधी कान देत नाही. कान द्यायचा तर वीज लागते, आणि ऐकण्याचा खर्च बोलण्याएवढाच असतो. शिवाय किती वेळ ऐकायचं याला धरबंध नाही. त्यामुळे दुसरं कुणी बोलत असलं तरी हे मध्येच बोलणार. दोन संदेश एकमेकांवर आदळले तर दोन्ही वाया. म्हणून तेच वाक्य सेकंदाच्या पंचविसाव्या भागात तीनदा, मधलं अंतर मुद्दाम वेडंवाकडं ठेवून सांगायचं, म्हणजे एकदा आदळलं तरी दुसऱ्यांदा निसटेल. जुन्या काळी गावात दवंडी पिटणारा यायचा, तो तीन नाक्यांवर तेच ओरडून पुढच्या गावाला निघून जायचा. कुणी ऐकलं की नाही हे विचारायला तो थांबत नसे. हे बटण त्याच्याच जातीचं.

वायरमनला मात्र हे सगळं सांगून पटत नव्हतं. “सेल नाय, वायर नाय, मग चालतंय कशावर?” काकू तेव्हा चहा टाकत होती. मी तिच्या हातातला गॅसचा लायटर घेतला आणि त्याच्यासमोर टकटक केलं. “ह्यात सेल आहे?” तो हसला. लायटरच्या आत वेटोळं नसतं, स्फटिकावर हातोडी आपटते. पण तत्त्वाचा भाऊबंदच. वर फळीवरच्या जुन्या रेडिओवर मिडीयम वेव्हला आकाशवाणी लावलेली असताना लायटर दाबला की खर्र होतं, हे काकूला चाळीस वर्षं माहीत आहे. ठिणगी म्हणजेच एक ओबडधोबड रेडिओ संदेश. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कलकत्त्यात लांबवरची घंटा वाजवून दाखवली ती असल्याच ठिणगीच्या लहरींवर. आमच्या स्वयंपाकघरात रोज दोनदा बिनतारी प्रक्षेपण होत होतं, फक्त ते ऐकून दिवा लावणारं कुणी नव्हतं.

ऐकणारा हवा, तिथूनच खरी मेहनत सुरू झाली.

रिसीव्हर म्हणजे काड्यापेटीएवढी प्लास्टिकची डबी. एका बाजूनं फेज-न्यूट्रल, म्हणजे विजेच्या येण्याजाण्याच्या दोन वायरी, आत, दुसऱ्या बाजूनं दिव्याकडे. मधे एक रिले, म्हणजे विजेनंच चालणारा खटका. आणि कोपऱ्यातून बाहेर लोंबणारी एक बारीक, सुटी वायर. बटण आणि रिसीव्हर यांच्यातला सौदा एकतर्फी आहे: बटण क्षणभर जगतं, आणि रिसीव्हरनं मात्र त्या क्षणासाठी दिवसरात्र जागं राहायचं. कधी, कुठून हाक येईल याचा नेम नाही. त्यामुळे दिवा बंद असतानाही रिसीव्हरला वीज लागते, थोडी पण अखंड. ही वाटणी जुनीच आहे. १९५६ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीनं रॉबर्ट ॲडलर यांनी बनवलेला टीव्हीचा रिमोट काढला. त्यातही सेल नव्हते. बटण दाबलं की हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा सूर निघे. रिमोट तेवढा साधा; सगळा वाढीव कारखाना टीव्हीच्या आत बसवावा लागला होता.

आमची पहिली अडचण न्यूट्रलची. पडवीच्या बोर्डात नुसते खटके, प्लगपॉइंट नाही, म्हणून तिथे फक्त फेज येऊन जाते; न्यूट्रल वरच्यावर दिव्याकडे जातो. रिसीव्हर बोर्डात बसवला तर त्याला जगायला वीजच मिळणार नाही. मग तो वर, होल्डरच्या शेजारी नेला, जिथे दोन्ही वायरी येतात. पण तिथे फेज कायम पोचायची तर खालचा खटका कायम चालू ठेवायला हवा. मी खटका चालू केला आणि त्यावर चिकटपट्टी लावली. पन्नास वर्षांच्या सवयीपुढे चिकटपट्टीची काय मातबरी! तिसऱ्याच रात्री काकूनं झोपायला जाताना सवयीनं पट्टीसकट खटका पाडला. रिसीव्हर मेला. आई खाटेवरून टकटक करतेय आणि पडवीत काळोख. सकाळी खटका काढून टाकला, आतल्या दोन वायरी कनेक्टरनं जोडल्या आणि भोकावर कोरी पट्टी बसवली. दुरुस्तीला वीज तोडायची तर मेन बंद करायचा, हे वायरमनकडून घरात सगळ्यांना बजावून घेतलं. माझं कुणी ऐकत नाही, त्याचं ऐकतात.

दुसरी अडचण ओळख करून देण्याची. रिसीव्हरवरचं बारीक बटण तीन सेकंद दाबून धरलं की त्याचा दिवा लुकलुकतो. आता तो शिकायला बसलाय. या वेळात ज्या बटणाची हाक कानावर येईल त्याचा क्रमांक तो मनात कोरून ठेवणार. वीज गेली तरी विसरत नाही. एक रिसीव्हर अनेक बटणं ओळखू शकतो आणि एका बटणाला कितीही रिसीव्हर ओळखू शकतात. बटणाला त्याचा पत्ताही नसतो. स्टुलावर चढून न्हाणीघरातला रिसीव्हर मी शिकायला बसवला आणि ओरडलो, “आई, दाब!” नेमकं त्याच वेळी काकूनं स्वयंपाकघरातलं नवं बटण कसं चालतं ते दाबून पाहिलं. रिलेनं टक् केलं, मी खूश. रात्री कळलं की काकूनं ओट्यावरचा दिवा लावला की न्हाणीघरात उजेड पडतो. एकच ओळख पुसायची सोय नाही. लांब दाबून धरलं की रिसीव्हर सगळंच विसरतो. मग पुन्हा पाटी कोरी करून, काकूला अंगणात तुळशीपाशी उभी करून, शिकवणी पार पडली.

तिसरी अडचण सांगायला मला थोडी लाज वाटते, कारण चूक माझी. बाहेर लोंबणाऱ्या त्या सुट्या वायरीबद्दल मी वायरमनला काही बोललोच नव्हतो. त्याला वाटलं, ही अर्थिंगची असणार आणि आपल्याकडे होल्डरला अर्थिंग नाही. कटरनं तिला मुळाशी छाटून टोकाला टेप गुंडाळला. काम स्वच्छ. खोलीत उभं राहून दाबलं तर दिवा लागे, आईच्या खाटेवरून नाही. ती वायर म्हणजे रिसीव्हरचा कान होता. ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६९ सेंटीमीटर, तिचा पाव भाग १७ सेंटीमीटरांच्या थोडा वर, म्हणून ती वायर तेवढीच लांब देतात. मी पट्टीनं मोजून नवा तुकडा झाळला, आणि वायरमननं तो सरळ खाली लोंबता ठेवला. आधी तो सगळी वायर गुंडाळून लोखंडी डबीत कोंबायच्या बेतात होता. तसं केलं असतं तर छाटल्यासारखंच झालं असतं. लोखंडी डबीत रेडिओलहर शिरत नाही.

मेअखेर सगळं लागलं. एक बटण आईच्या खाटेच्या कठड्याला दुतर्फी टेपनं, एक स्वयंपाकघरात. मी पुण्याला परतलो.

जुलैत फोन. “अरे, बटण ऐकत नाही रे.” आईचं निदान अर्धं बरोबर होतं, बटण तर जन्मतःच बहिरं, पण इथे रिसीव्हर ऐकत नव्हता. पडवीचा दिवा लागत होता, अंगणापलीकडच्या न्हाणीघरातला चारदा दाबून एकदा. पहिला संशय मी भिंतीवर घेतला. चिरा पाणी पितो, आणि ओल्या भिंतीतून लहर जास्त क्षीण होऊन बाहेर पडते. खोक्यावर लिहिलेलं असतं मोकळ्या जागेत इतके शे मीटर. घरात त्याच्या दहाव्या हिश्श्यावर समाधान मानावं, आणि कोकणातल्या आषाढात त्याहून कमीवर. पण खरा गुन्हेगार निराळाच निघाला. पावसाची झड आत येऊ नये म्हणून काकूनं पडवीच्या त्या अंगाला पत्रे मारून घेतले होते, कमरेपासून वाशापर्यंत. आईचं बटण आणि न्हाणीघर यांच्या बरोबर मध्ये लोखंडाचा पडदा. मे महिन्यात तिथे फक्त वारा होता.

पत्रे काढा म्हणायची माझी छाती नव्हती. गणपतीच्या चार दिवस आधी गेलो तेव्हा न्हाणीघरातला रिसीव्हर भिंतीवरून उचलून वर, कौलांच्या खाली वाशाला बांधला. मातीच्या कौलांना लहर फारशी अडत नाही. ती आता पत्र्यांच्या वरून, छपरातून वाट काढते. तेवढ्यानं दहापैकी नऊदा लागायला लागला.

दहावी खेप मात्र गणपतीत छळणार होती. आईच्या बटणाच्या एकाच टकेवर पडवी आणि न्हाणीघर दोन्ही दिवे, अशी मी रचना केली होती आणि त्यावर खूश होतो. रिसीव्हर होते ‘उलटापालट’ पद्धतीवर: हाक आली की चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. एरवी ठीक. पण एक हाक एकानं ऐकली आणि दुसऱ्यानं हुकवली, की तिथून पुढे दोघांचं कायमचं वाकडं. पडवी उजळली की न्हाणीघर विझतं, न्हाणीघर उजळलं की पडवी विझते. घरात तेवीस माणसं, त्यात सहा पोरं. बिनवायरीचं बटण हे गौरीच्या फराळानंतरचं सर्वात मोठं आकर्षण ठरलं. रात्री दहाला कुणीतरी न्हाणीघरात, आणि आतून हाका.

इथे या एकतर्फी बोलण्याचा स्वभाव नीट समजतो. बटणाला दिव्याची अवस्था माहीतच नाही, ती कळायला त्याला कान नाहीत. तेव्हा ‘बदल कर’ ही आज्ञा त्याच्या तोंडी घालणंच चूक. तीनदा सांगितलेली एकच हाक रिसीव्हरला एकच म्हणून ओळखावी लागते, नाहीतर दिवा चालू-बंद-चालू होईल. तेवढी अक्कल रिसीव्हरमध्ये घातलेली असते. पण माणसानं खात्रीसाठी पुन्हा दाबलं, तर ती रिसीव्हरला नवी हाक, आणि लागलेला दिवा विझतो. आई नेमकं हेच करायची. मी रिसीव्हर दुसऱ्या पद्धतीवर शिकवले: बटणाच्या वरच्या बाजूला फक्त ‘चालू’, खालच्या बाजूला फक्त ‘बंद’. आता कितीदाही दाबा. एखाद्याला हाक ऐकू आली नसेल तर त्याला दुसऱ्यांदा येईल, आणि ज्याला आधीच आली त्याचं काही बिघडणार नाही. आईला एवढंच सांगितलं, “वर म्हणजे उजेड. दिसला नाही तर परत वर.” ती म्हणाली, “हे आधीच सांगायचंस.” बरोबर आहे.

वीज गेली-आली की काय, हा प्रश्न महावितरणच्या कृपेनं आपोआप तपासला गेला. रिसीव्हरच्या एका सेटिंगमध्ये वीज परत आली की दिवा बंदच राहतो. पण आई न्हाणीघरात असताना वीज जाऊन आली तर तिला अंधारच. शेवटी ‘वीज जाण्याआधी होतं तसं’ ठेवलं.

पुण्याच्या एका मित्रानं विचारलं, कुणी बाहेर बसून तुझ्या बटणाची हाक टेप करून पुन्हा सोडली तर? सोडू शकतो. माझ्या काडीला फक्त ऐकता येतं, पण बोलणारी यंत्रंही मिळतात, आणि माझ्या स्वस्त बटणाची हाक दर वेळी तीच असते. महागड्या बटणांत दर टकेला बदलणारा आकडा आणि सांकेतिक कुलूप घालायची सोय आहे. दाराच्या कुलपाला मी हे बटण लावणार नाही. आमच्या न्हाणीघराचा दिवा चोरून लावावा एवढी रिकामटेकडी माणसं गावात अजून तरी नाहीत.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वायरमन आला. एक रिसीव्हर उरलेला त्यानं हेरून ठेवला होता. “काका, हा विहिरीच्या पंपाला लावूया? काकू किती उतरते-चढते.” मी दोन कारणं दिली. पंप चालू होताना जो करंट ओढतो तो ह्या डबीतल्या रिलेला झेपायचा नाही, त्याची आतली टोकं जळून चिकटतील आणि पंप बंदच होणार नाही. आणि दुसरं म्हणजे विहीर घरावरून दिसत नाही. दिवा लागला की डोळ्यांना कळतं, पंप लागला की नाही हे बटण कधीच सांगणार नाही. काकू बंद म्हणून दाबेल, हाक हुकेल, आणि विहीर कोरडी होईपर्यंत पंप चालेल.

त्यानं थोडा वेळ सुपारी चघळली. मग विहिरीकडे गेला, माडाच्या बुंध्याशी उभा राहून घराकडे बघत राहिला, परत आला.

“पहिल्याला मोठा कॉन्टॅक्टर टाकू,” तो म्हणाला. कॉन्टॅक्टर म्हणजे जास्त करंट झेपणारा थोरला रिले. “डबीनं नुसता कॉन्टॅक्टर ओढायचा. आणि पंपाच्याच लाइनवर एक लाल बल्ब काढू, त्या माडावर, दहा फुटांवर. तिथला बल्ब स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो, मी आत्ता बघितलं. बल्ब दिसतोय म्हणजे पंप चालू. विझला म्हणजे बंद.”

मी कॉन्टॅक्टर आणायला पैसे दिले. बल्बचे त्यानं घेतले नाहीत, म्हणाला, गणपतीच्या माळेतला एक लाल राहिलाय.